जुन्या रजिस्टरांतून नात्याचा धागा

आपल्या वसतिगृहातली मुले बारावी झाली की त्यांना एका कागदाची गरज पडते, तो म्हणजे जातवैधता प्रमाणपत्र. राखीव जागेवर नर्सिंगला किंवा इंजिनिअरिंगला प्रवेश हवा तर हा कागद लागतो, आणि आपण त्या जमातीचे आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने अर्जदारावर टाकली आहे. अनुसूचित जमातींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० रोजी निघाला. पडताळणीत सर्वांत जास्त वजन त्यापूर्वीच्या कागदांना असते. पण ज्यांचे आजोबा शाळेत गेले नाहीत आणि ज्यांच्या नावावर सातबारा नाही, त्यांनी असा कागद आणायचा कुठून?

अशा कुटुंबांबरोबर मी नोंदी शोधतो. पुष्कळदा उत्तर मंडळीच्या कपाटातच सापडते.

आधी एक शंका दूर करू. “ख्रिस्ती झाले, मग आदिवासी कसे?” असे आमच्या लोकांना अनेकदा विचारले जाते. अनुसूचित जातींच्या आदेशात धर्माची अट आहे, अनुसूचित जमातींच्या आदेशात ती नाही. अडचण वेगळीच असते. जुन्या काळी काही शाळांत जातीच्या रकान्यात नुसते ‘ख्रिश्चन’ लिहिले गेले आणि जमातीचे नाव राहूनच गेले. मग वडिलांकडच्या दुसऱ्या नातेवाइकाची जुनी नोंद शोधावी लागते आणि तो आपल्याच रक्ताचा आहे हेही दाखवावे लागते.

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका मुलीचे असेच झाले. तिच्या आजोबांच्या दाखल्यावर ‘ख्रिश्चन’ होते. आजोबांच्या थोरल्या भावाची नोंद कोतवाल बुकात होती आणि तिथे ‘भिल’ असे स्पष्ट लिहिले होते. मात्र दोघांची आडनावे निराळी, कारण एकाने कुळाचे नाव लावले होते आणि दुसऱ्याच्या नावापुढे गुरुजींनी जमातच आडनाव म्हणून लिहिली होती. ते भाऊ होते हे दाखवले बाप्तिस्म्याच्या रजिस्टराने. दोघांच्या नोंदीत बापाचे नाव एक आणि गावही एक. शिवाय प्रत्येकाचे नवे नाव आणि घरचे जुने नाव शेजारी शेजारी लिहिलेले. मुलीला प्रमाणपत्र मिळाले आणि आज ती नर्सिंग शिकते आहे.

शोध कसा घ्यावा ते थोडक्यात सांगतो.

पहिले काम घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसण्याचे. बापाकडची नावे, टोपणनावे, पाडा आणि आधीचे गाव लिहून घ्या. साल आठवत नसेल तर “कुठल्या दुष्काळानंतर?”, “लग्नाआधी की नंतर?” असे विचारा.

मग बाप्तिस्म्याचे रजिस्टर पाहा. समासातली बारीक अक्षरे सोडू नका. कॅथलिक मंडळींत पुढे झालेल्या दृढीकरणाची आणि विवाहाची टीप तिथेच लिहितात. धर्मपिता आणि धर्ममाता पुष्कळदा जवळचे नातलग असतात.

विवाहाची नोंद त्याहून उपयोगी, कारण १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याच्या नमुन्यात वर आणि वधू दोघांच्याही वडिलांचे नाव असते. या नोंदीची प्रत सरकारी निबंधकाकडे पाठवण्याची तरतूद आहे. त्यामुळे मंडळीतले पान फाटले असले तरी आशा सोडू नये.

तिसरी जागा म्हणजे मदतीच्या वह्या. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनांनी अनेक अनाथ मुले सांभाळली. अशा वह्या जिथे टिकल्या आहेत तिथे मुलाचे नाव, अंदाजे वय, गाव, कोणी आणून सोडले, एवढे जरी मिळाले तरी तुटलेला धागा जुळू शकतो. वय मात्र नजरेने ठरवलेले असते, तेव्हा दोन-चार वर्षांचा फरक धरून चालावे.

शेवटी हे सारे तहसील कार्यालयातल्या कोतवाल बुकाशी आणि शाळेच्या जनरल रजिस्टरशी ताडून पाहावे. मंडळीची नोंद एकटी क्वचितच पुरते. दोन सरकारी कागदांतले नाते जोडून देणे हे तिचे खरे काम, आणि त्यावरच वंशावळ उभी राहते.

आपल्यापैकी पुष्कळजण मंडळीच्या कमिटीवर आहेत. त्यांना माझी विनंती आहे. जुनी रजिस्टरे रद्दीत देऊ नका. ती कोरड्या जागी, जमिनीपासून उंच ठेवा. फाटक्या पानाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशनही करू नका. चुकीचे वाटणारे नाव पेनाने ‘दुरुस्त’ तर मुळीच करू नका, कारण खाडाखोड दिसली की सगळ्या नोंदीवरच संशय येतो. प्रत्येक पानाचा मोबाइलवर स्वच्छ फोटो काढून दोन ठिकाणी जपून ठेवा.

आणखी एक. मदतीच्या वह्यांत माणसांची दुःखे आहेत: टाकून दिलेली मुले, बापाचे नाव नसलेली मुले. ती पाने त्या घरच्या माणसांनाच दाखवावीत. गावात त्यांची चर्चा होऊ देऊ नये.

ज्या पाळकांनी कंदिलाच्या उजेडात ही नावे लिहिली, त्यांना आजचे नियम ठाऊक नव्हते. त्यांनी नीट लिहिले म्हणून आज एखादे लेकरू कॉलेजात जाते. आपल्या मंडळीचे कपाट या महिन्यात एकदा उघडून पाहाल का?