काळ्या मेंदीची पुडी उलटून वाचा

भगिनींनो, मोहाच्या टोळीचे तेल केसांना लावताना ते कशाचे, हे आपल्याला ठाऊक असते. बाजारातल्या 'काळ्या मेंदी'चे काय? मेंदीच्या पानाचा रंग लालसर. काळा कधीच नसतो. केस काळेभोर होतात ते बहुधा पॅराफेनिलिनडायअमाइन या रसायनाने. पुडीच्या मागे बारीक अक्षरांत ते नाव किंवा नुसते 'पीपीडी' शोधा. काहींना त्याने खाज सुटते, डोळे-चेहरा सुजतो. म्हणून दरवेळी आधी कानामागे थोडे लावून ४८ तास थांबा. आग किंवा खाज झाली तर वापरू नका. हा रंग पोटात गेल्यास घसा सुजून, श्वास कोंडून जीव जाऊ शकतो. पुडी मुलांच्या हाती लागू देऊ नका. आणि तसे झालेच, तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठा.