आवाज येतोय का, डॉक्टर?

टेलिफोनचं पेटंट निघून जेमतेम तीन वर्षं झाली होती. १८७९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात एक हकिगत छापून आली. मध्यरात्री एका घरातून डॉक्टरांना फोन गेला. बाळाला क्रूप झालाय, अशी घरच्यांना धास्ती. क्रूप म्हणजे श्वासनलिका सुजून येणारा, कुत्रं भुंकल्यासारखा खोकला. डॉक्टर म्हणाले, बाळाला फोनजवळ धरा. बाळ खोकलं, डॉक्टरांनी कान देऊन ऐकलं आणि सांगितलं, हा क्रूप नाही. सगळं घर झोपी गेलं.

दुरून तपासायची सगळी विद्या या एका फोनमध्ये आहे. जे दिसतं आणि ऐकू येतं, ते डॉक्टर लांबूनही तपासू शकतात. जे हाताला कळतं, त्यासाठी पेशंटच्या घरातले हात कामाला लावावे लागतात. ज्या डॉक्टरांना हे जमतं, त्यांचा व्हिडिओ कॉल ही खरीखुरी तपासणी असते.

टीव्हीच्या आधी टीव्हीवरचा डॉक्टर

१९०५ साली हॉलंडमधल्या लायडन शहरात विलेम आइंटहोवेन यांच्यापुढे एक अडचण होती. हृदयाचा आलेख काढणारं त्यांचं यंत्र इतकं अवजड, की ते हलवणं अशक्य. पेशंट दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयात. मग त्यांनी टेलिफोनच्या तारेवरून हृदयाचे ठोकेच प्रयोगशाळेत आणले. या माणसाला १९२४ साली नोबेल मिळालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या ‘रेडिओ न्यूज’ मासिकाच्या मुखपृष्ठावर पडद्यावरून पेशंट तपासणारा डॉक्टर झळकला. टीव्हीचं जाहीर प्रात्यक्षिक व्हायला तेव्हा अजून जवळपास दोन वर्षं अवकाश होता!

लॉकडाऊनचा पहिला दिवस

भारतात डॉक्टरांनी दुरून कसं तपासावं, याची देशपातळीवरची नियमावली आली ती २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे देशभरच्या लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी. ‘ई-संजीवनी’ची घरबसल्या ओपीडी १३ एप्रिलला सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत या सरकारी सेवेने दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला.

नियमावलीतल्या काही गोष्टी पेशंटलाही माहीत हव्यात. डॉक्टरने आपलं नाव आणि पात्रता आधी सांगायची. नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असलाच पाहिजे. लहान मुलाला तपासताना मोठं माणूस सोबत हवं. पॅरासिटामॉल, ओआरएस असली साधी औषधं फोनवरूनही सांगता येतात. काही औषधं पहिल्या भेटीत द्यायची तर व्हिडिओच लागतो. नशा आणणारी, मनावर परिणाम करणारी, कायद्याने कडक बंधनं घातलेली औषधं मात्र यादीबाहेर. कृत्रिम बुद्धिमत्तेने डॉक्टरला मदत करावी, पण औषध लिहून देऊ नये, असंही त्यात २०२० सालीच बजावलेलं आहे. आणि पेशंटला प्रत्यक्ष यायचं असेल, तर डॉक्टर त्याला व्हिडिओचा आग्रह धरू शकत नाही. हा नियम मला सगळ्यांत मोलाचा वाटतो.

नाव, गाव, पत्ता

चांगला डॉक्टर कॉल लागताच विचारतो, ‘आत्ता कुठे आहात?’ बोलता बोलता पेशंट कोसळला तर अँब्युलन्स पाठवायची कुठे? दुसरा प्रश्न, ‘कट झाला तर कोणत्या नंबरवर लावू?’ नेटवर्क जाणारच आहे, हे धरून चालायचं.

एका मिनिटाची तपासणी

समजा, दोन वर्षांचा मुलगा आहे, ताप आणि खोकला आहे. इथे डॉक्टरला स्टेथोस्कोपशिवाय बरंच काही कळू शकतं. मूल शांत असताना, शक्यतो झोपलेलं असताना, आईने त्याचा सदरा छातीपर्यंत वर करायचा. मोबाइल हातात धरायचा नाही, उशीला टेकवून ठेवायचा. उजेड खिडकीतून मुलावर पडू द्यायचा. मग डॉक्टरने पूर्ण ६० सेकंद श्वास मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण लहान मुलांचा श्वास सारखा चालत नाही. चित्र अडखळत असेल तर आईला सांगावं, पोट वर आलं की दर वेळी ‘हं’ म्हणा. चित्र थिजलं तरी आवाज बऱ्याचदा येत राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सोपा आहे. दोन महिने ते एक वर्ष वयाला मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांना ४० किंवा जास्त श्वास म्हणजे वेगाचा श्वास. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर पुढे काही विचारत बसायचं नाही, मूल रुग्णालयात पोचलं पाहिजे. या एका मिनिटात बाळाच्या छातीला कुणी हातसुद्धा लावलेला नसतो.

एका दमात तीस

कोविडच्या दिवसांत आणखी एक युक्ती गाजली. पेशंटने एका दमात आपल्या मातृभाषेत एक ते तीस मोजायचं, कुठे धाप लागते ते डॉक्टरने पाहायचं. याला ‘रॉथ स्कोअर’ म्हणतात. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२० मध्येच सांगितलं, यावर विसंबू नका. मला ते पटतं. ‘एकवीस’ आणि ‘एकोणतीस’ म्हणायला मराठीतच सारखा दम लागत नाही, मग दोन भाषांची तुलना कशी करणार? त्यापेक्षा पेशंट एक वाक्य न थांबता पुरं करतो का, हे नुसतं ऐकावं.

दोनशे मिलिसेकंद

जगातल्या दहा भाषा तपासून संशोधकांनी २००९ साली दाखवलं, की एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद लागतात. डोळ्याची पापणी लवायलाही साधारण तेवढाच वेळ. व्हिडिओ कॉलवर आवाज तेवढ्याच उशिराने पोचला तरी गडबड होते. पेशंट थांबला असं वाटून डॉक्टर बोलू लागतात आणि पेशंटचं वाक्य अर्ध्यात तुटतं. तशीही डॉक्टरमंडळींना घाई असते. अमेरिकेतल्या २०१८ च्या एका अभ्यासात, तोडलेल्या पेशंटना मधला आकडा म्हणून अवघी ११ सेकंदं बोलायला मिळाली होती. म्हणून व्हिडिओवर पेशंट थांबला की डॉक्टरने मनात एक-दोन म्हणावं, मगच बोलावं.

नजरेचंही तसंच. पडद्यावरच्या चेहऱ्याकडे पाहिलं, की पेशंटला डॉक्टर खाली बघताना दिसतात. महत्त्वाचं सांगताना कॅमेऱ्याच्या भिंगाकडेच पाहावं. लिहायला मान खाली घालायची तर ‘लिहून घेतोय हं’ एवढं म्हणावं, म्हणजे पलीकडचा माणूस खट्टू होत नाही.

डबा आणा

‘कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ या प्रश्नाला ‘ती पांढरी, सकाळची’ असं उत्तर हमखास येतं. दवाखान्यात इथे गाडी अडते. घरी असल्यावर मात्र डॉक्टर म्हणू शकतात, ‘आजी, डबा घेऊन या बरं.’ मग कॅमेऱ्यासमोर बीपीच्या दोन वेगवेगळ्या नावांच्या, पण एकाच औषधाच्या स्ट्रिपा निघतात. तपासायच्या खोलीत जे कधीच दिसलं नसतं, ते इथे दिसतं. व्हिडिओची माझ्या मते ही सगळ्यांत मोठी कमाई.

त्वचेवरच्या चट्ट्यासाठी मात्र व्हिडिओपेक्षा दिवसाउजेडी काढलेला फोटो बरा. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, आकार कळतो. आणि कावीळ आहे की नाही, हे पडद्यावरच्या रंगावरून कुणी ठरवू नये. मोबाइल रंग आपल्या मनाने बदलतो.

‘अजून काही?’

खरं दुखणं पेशंट निघता निघता सांगतो, हे प्रत्येक डॉक्टरला ठाऊक आहे. व्हिडिओवर दारच नाही, बटण दाबलं की संपलं. २००७ च्या एका अमेरिकी अभ्यासात डॉक्टरांनी एकच शब्द बदलला. ‘अजून काही नाही ना?’ अशा छापाच्या प्रश्नाऐवजी ‘अजून काही सांगायचंय का?’ अशा छापाचा प्रश्न केला. असा प्रश्नच न विचारलेल्या भेटींच्या तुलनेत, मनात ठेवून आलेल्या, पण सांगायच्या राहून गेलेल्या तक्रारी त्यामुळे ७८ टक्क्यांनी घटल्या. मराठीत हा फरक आणखी उघड आहे. ‘नाही ना?’ म्हटलं की आपण सवयीने ‘नाही’च म्हणतो. डॉक्टरांनी तो ‘नाही ना’ आजच सोडावा.

पेशंटसाठी एवढंच. मन जड झालं असेल तर १४४१६ या ‘टेली-मानस’ या सरकारी हेल्पलाइनच्या नंबरवर केव्हाही फोन करा. पण छातीत कळ आली, तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, तर व्हिडिओ लावत बसू नका. १०८ फिरवा.