विजेची वेळ आणि शेजारधर्म

विजेची काटकसर म्हटली की आपल्या मनात एकच शिकवण येते. खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवावा, पंखा बंद करावा, उगाच काही जळत ठेवू नये. ही शिकवण चांगली आहे आणि ती मुलांना लहानपणीच लावली पाहिजे. परंतु ती अर्धीच शिकवण होय. वीज किती वापरली याला जितके महत्त्व आहे, तितकेच ती केव्हा वापरली यालाही आहे. बीदर, भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद, कलबुर्गी अशा ठिकाणी राहणाऱ्या आपल्या ट्रस्टच्या कुटुंबांना या दुसऱ्या अर्ध्या भागाची ओळख व्हावी, एवढ्याचसाठी हा लेख आहे.

धान्य कणगीत भरून ठेवता येते, पाणी टाकीत साठविता येते, पैसा बँकेत ठेवता येतो. विजेचे तसे नाही. बॅटऱ्या आहेत, धरणात पाणी पुन्हा वर चढवून ठेवण्याची केंद्रेही आहेत. परंतु साऱ्या देशाची गरज पाहता हा साठा अजून थोडका आहे. म्हणून ज्या क्षणी वीज लागते, त्याच क्षणी ती कोठेतरी निर्माण करावी लागते. आपण बटण दाबतो तेव्हा कोठल्यातरी वीज केंद्रातील जनित्रावर तेवढा भार त्याच घटकेला वाढतो. हा तोल बिघडला की त्याची खूण लगेच दिसते. आपल्या विजेची आवर्तने सेकंदाला ५० ठेवावयाची असतात. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की ती ५० च्या खाली घसरतात, मागणी घटली की वर चढतात. बंगळूर, मुंबई आणि दिल्ली येथील नियंत्रण कक्षांत बसलेली माणसे रात्रंदिवस याच एका आकड्यावर नजर ठेवून असतात.

हा आकडा आता साऱ्या देशाचा एकच आहे, आणि तो एक होण्याचा शेवटचा सांधा आपल्या शेजारीच जुळला. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित भारताच्या जाळ्याशी एका तालात जोडले गेले. कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्या सीमेवर राहणाऱ्या आपणांस यात एक प्रकारचा आनंद वाटावा. आता सोलापूरचा यंत्रमाग आणि आळंदच्या घरातील पंखा एकाच आवर्तनावर चालतात. परंतु जे सुखात एकत्र आले, ते संकटातही एकत्र असतात. त्याआधी दीड वर्ष, ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी, उत्तरेकडील जाळ्यावर अतिभार येऊन ते कोसळले होते. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत मिळून साठ कोटींहून अधिक लोकवस्तीचा प्रदेश अंधारात गेला होता. आपण तेव्हा वेगळे होतो म्हणून वाचलो. आज आपण वेगळे नाही.

घराघरांतील बटणांचा या प्रचंड यंत्रणेवर काय परिणाम होणार, असे कोणास वाटेल. त्याचे उत्तर आपण सर्वांनी अनुभवलेले आहे. ५ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या दिवसांत, पंतप्रधानांच्या आवाहनावरून देशभर रात्री ९ वाजता ९ मिनिटे घरातील दिवे मालविण्यात आले आणि पणत्या लावण्यात आल्या. त्या थोड्या वेळात देशाची विजेची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने खाली आली. अंदाज होता त्याच्या दुपटीहूनही अधिक. जलविद्युत केंद्रे झपाट्याने खाली आणून आणि पुन्हा वर नेऊन अभियंत्यांनी तोल सांभाळला. त्या रात्रीचा हेतू वेगळा होता. परंतु सामान्य कुटुंबे एका वेळी एक गोष्ट करतील तर त्यांचे बळ किती असते, हे त्या रात्री मोजून दिसले.

आता दिवसाच्या चोवीस तासांकडे पाहू. पहाटे पाणी तापविण्याचे गिझर आणि पाण्याचे पंप सुरू होतात, तेव्हा मागणी चढते. दुपारी सूर्य डोक्यावर असताना सौर वीज मुबलक मिळते. कर्नाटकात पावगड येथे २०५० मेगावॅटचे सौर उद्यान आहे, आणि घरांच्या छपरांवरही आता सौर पट्ट्या दिसू लागल्या आहेत. संध्याकाळ झाली की ही वीज मावळते, आणि नेमक्या त्याच वेळी दिवे, दूरदर्शन संच, मिक्सर, दुकानांचे फलक, उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्रे हे सारे एकदम सुरू होते. सहा ते दहा हे ते अवघड तास. या चार तासांसाठी वीज मंडळींना कोळशाची केंद्रे तयार ठेवावी लागतात, बाजारातून महाग वीज घ्यावी लागते, आणि जाड तारा व मोठे ट्रान्सफॉर्मर बसवावे लागतात. म्हणजे दुपारचे एक युनिट आणि रात्री आठचे एक युनिट मीटरवर सारखेच दिसले, तरी त्यांची खरी किंमत सारखी नसते.

मागणी पुरवठ्याच्या वर गेली तर काय करावयाचे? आपल्या भागाला माहीत असलेला उपाय म्हणजे भारनियमन. तेव्हा कोणाला तरी अंधारात बसावे लागते, आणि बहुधा ते खेड्यास बसावे लागते. शेतीपंपांना तीन फेजची वीज पाळीने मिळते. पाळी रात्रीची आली की शेतकरी बॅटरी हातात घेऊन उसाच्या फडात पाणी द्यावयास जातो. त्यात सर्पदंशाचे भय असते, विजेच्या झटक्याचे असते, आणि झोपेचा तर प्रश्नच उरत नाही. २०२३ साली कर्नाटकात पाऊस कमी झाला, जलविद्युत घटली, पंप अधिक चालले, आणि ऑक्टोबरात टंचाई पडली तेव्हा शेतीच्या पुरवठ्याचेच तास कमी झाले. विचार केला तर दिसेल की गेली कित्येक वर्षे विजेचा तोल सांभाळण्याचे काम आपला शेतकरी करीत आला आहे. त्याला कोणी विचारले नाही, आणि त्याचा मोबदलाही कोणी दिला नाही.

याहून न्याय्य अशी दुसरी रीत आहे. तिला इंग्रजी जाणणारे ‘डिमांड रिस्पॉन्स’ म्हणतात; आपण तिला मागणीचा प्रतिसाद म्हणू. तिचे तत्त्व सोपे आहे. ज्याचे काम दोन तास थांबू शकते, त्याला आधी विचारावे, थांबण्याबद्दल मोबदला द्यावा, आणि जी वीज मोकळी होईल ती ज्याचे काम थांबू शकत नाही त्याला द्यावी.

याचा एक जुना दाखला पुण्याचा आहे. २००६ साली महाराष्ट्रात विजेचा मोठा तुटवडा होता आणि पुण्याला सुमारे ९० मेगावॅट कमी पडत होते. तेथील उद्योजकांच्या संघटनेने, म्हणजे कॉन्फेडरेशन ऑफ इंडियन इंडस्ट्रीच्या पुणे शाखेने, एक योजना पुढे आणली. ज्या कारखान्यांपाशी स्वतःची जनित्रे होती, त्यांनी टंचाईच्या तासांत ती चालवावी आणि महावितरणची तेवढी वीज शहरासाठी सोडावी. डिझेलच्या विजेचा जादा खर्च शहरातील ग्राहकांनी युनिटमागे थोडा अधिक आकार देऊन भरावा, आणि कमी वीज वापरणाऱ्या घरांना त्यातून वगळावे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने मान्यता दिली आणि पुणे शहर भारनियमनातून सुटले. डिझेलचा धूर हा या योजनेचा दोष होता, तो लपविण्याचे कारण नाही. परंतु टंचाईचे ओझे हिशेबाने आणि संमतीने वाटून घेता येते, हे पुण्याने दाखविले.

पुढे २०१२ साली मुंबईत टाटा पॉवर कंपनीने मोठ्या ग्राहकांसाठी मागणी-प्रतिसादाची योजना सुरू केली. अशा योजनेत कार्यालये, मॉल, कारखाने यांच्याशी करार असतो. कंपनी आगाऊ सूचना देते की अमुक वेळी दोन तास भार कमी करा. इमारतीतील माणसे तेव्हा वातानुकूलनाचे तापमान दोन अंश वर नेतात, चार लिफ्टपैकी एक बंद ठेवतात, पाण्याचे पंप पुढे ढकलतात. मग त्या इमारतीच्या मागील दिवसांतील वापराची सरासरी काढून त्या दिवशीच्या वापराशी ताडतात, आणि जेवढी घट दिसेल तेवढ्याचे पैसे देतात. यात लबाडीला वाव राहू नये म्हणून सरासरीचे नियम आधीच ठरवावे लागतात. नाहीतर एखादा आदल्या दिवशी मुद्दाम वापर वाढवून दुसऱ्या दिवशी घट दाखवील. लहान ग्राहकांना कंपनीशी एकेकट्याने व्यवहार करणे अवघड जाते, म्हणून शेकडो ग्राहकांची मोट बांधणाऱ्या मध्यस्थ संस्थाही या व्यवसायात आहेत. दूध संघ जसा घरोघरचे दूध गोळा करून विकतो, तसा हा व्यवहार आहे; फक्त येथे न वापरलेली वीज गोळा होते.

सरकारी नियमांनीही आता घड्याळाची दखल घेतली आहे. १४ जून २०२३ रोजी केंद्र सरकारने वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. तीप्रमाणे सूर्यप्रकाशाच्या तासांतील दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी असावा आणि अवघड तासांतील दर अधिक असावा, असे ठरले. १० किलोवॅटवरील व्यापारी व औद्योगिक ग्राहकांस हे आधी आणि शेती वगळता इतरांस नंतर लागू करावयाचे आहे. प्रत्यक्ष दर राज्याचा आयोग ठरवितो आणि वेळेची नोंद ठेवणारे मीटर त्यासाठी लागतात. कलबुर्गीच्या डाळ गिरणीसारख्या धंद्याला हे सोयीचे आहे. तूर भरडण्याचे काम दुपारी केले काय किंवा रात्री केले काय, डाळीत फरक पडत नाही. बिलात मात्र पडू शकतो.

येथे कोणी म्हणेल, ‘आमचे बिल तर शून्य येते, आम्हांस याचे काय?’ कर्नाटकाची गृहज्योती योजना ५ ऑगस्ट २०२३ रोजी कलबुर्गी येथेच समारंभपूर्वक सुरू झाली आणि महिन्याला २०० युनिटांपर्यंतच्या घरांना तिचा मोठा आधार मिळाला. परंतु बिल शून्य झाले तरी विजेची किंमत शून्य होत नाही. ती सरकारी तिजोरीतून, म्हणजे आपल्याच करांतून, जेस्कॉमला द्यावी लागते. दुसरे असे की गावातील डी.पी. बिलाकडे पाहत नाही, भाराकडे पाहते. संध्याकाळी सात वाजता सगळ्या गल्लीने एकदम भार टाकला की ती तापते, आणि एखाद्या दिवशी जळते. मग नवी येईपर्यंत ज्याने काटकसर केली तोही अंधारात आणि ज्याने केली नाही तोही अंधारात.

आता संस्थांकडे येऊ. आपल्या ट्रस्टसारख्या संस्थांपाशी वसतिगृह, सभागृह, मंगल कार्यालय अशा वास्तू असतात. समजा एका वसतिगृहात दोन किलोवॅटचे दहा गिझर आहेत. सर्व एकदम तासभर लावले तर २० युनिटे खर्च होतील आणि भार २० किलोवॅट होईल. पाच पाच असे दोन तासांत लावले तरी युनिटे २० च होतील; पण भार १० किलोवॅटच राहील. मोठ्या जोडणीच्या बिलात युनिटांशिवाय कमाल मागणीचाही आकार असतो. महिन्यातील ज्या पंधरा-वीस मिनिटांत भार सर्वांत जास्त होता, त्यावर तो ठरतो, आणि करारापेक्षा भार वाढला तर दर आणखी चढतो. म्हणजे एका लग्नाच्या संध्याकाळची घाई महिनाभराच्या बिलावर बसू शकते.

यावर करावयाचे उपाय साधे आहेत. पाण्याची टाकी दुपारी अकरा ते तीनच्या दरम्यान भरावी. गिझर आळीपाळीने लावावेत. जमेल तेथे छपरावर सौर बंब बसवावा. वातानुकूलन २४ अंशांच्या खाली नेऊ नये. तापमान एक अंश वर ठेवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते. पंखा बदलण्याची वेळ आली तर जुन्या ७५ वॅटच्या जागी ३० वॅटच्या आसपास चालणारा नवा बीएलडीसी पंखा घ्यावा. उत्सवाची आणि जयंतीची रोषणाई आपण नेमकी सात ते दहा या वेळात करतो. ती थोडी आखूड केली तर देवाचा किंवा महापुरुषाचा मान कमी होत नाही.

आणि एक यादी प्रत्येक घराने व प्रत्येक संस्थेने करून भिंतीवर लावावी. एका बाजूस जे थांबू शकते ते लिहावे : इस्त्री, कपडे धुण्याचे यंत्र, पाण्याचा पंप, पिठाची घरगुती चक्की, शोभेचे दिवे. दुसऱ्या बाजूस जे थांबू शकत नाही ते लिहावे : आजाऱ्याचे प्राणवायूचे यंत्र, औषधे ठेवलेला फ्रिज, परीक्षेच्या दिवसांत अभ्यासाचा दिवा. पहिल्या बाजूचे काम सहा ते दहा या वेळेतून बाहेर काढावे. यात कोणाचे सुख हिरावले जात नाही. काम तेच होते, तास फक्त बदलतो.

शेतकऱ्याच्या रात्रीच्या पाळीवरही याच विचारातून उपाय निघतो. केंद्राने २०१९ साली सुरू केलेल्या कुसुम योजनेत शेतीच्या वाहिन्या सौर विजेवर आणण्याची तरतूद आहे. सूर्य असताना पंप चालले तर संध्याकाळचा भार हलका होतो आणि शेतकरी रात्री घरी झोपतो. आपल्या गावी अशी योजना आली, जागेचा किंवा संमतीचा प्रश्न निघाला, तर ट्रस्टच्या सभासदांनी पुढे होऊन तिचे हित लोकांना समजावून द्यावे.

धर्मादाय संस्था म्हणजे ज्याच्यापाशी अधिक आहे त्याने ज्याला कमी आहे त्याच्यासाठी काही बाजूला ठेवणे. आजवर आपण धान्य, पैसा, पुस्तके आणि श्रम बाजूला ठेवीत आलो. आता त्यांत संध्याकाळचे थोडे किलोवॅट जोडावेत. या महोत्सवी वर्षात ट्रस्टने आपल्या वास्तूंची गेल्या बारा महिन्यांची बिले काढून कमाल मागणीचा आकडा सभासदांपुढे मांडावा, आणि पुढील वार्षिक सभेपर्यंत तो किती खाली आला हे सांगावे, एवढी नम्र सूचना करून हा लेख पुरा करतो.