घडीची लोखंडी खाट : निवड, वापर आणि निगा

घर म्हटले की पाहुणा आला, आणि पाहुणा आला की अंथरुणाचा प्रश्न आला. वाड्यांच्या काळी हा प्रश्न सतरंज्या पसरून सुटत असे. ओसरीवर, माजघरात, गच्चीवर ओळीने पथाऱ्या पडत आणि सकाळी त्यांच्या वळकट्या होऊन कोपऱ्यात जात. माळव्याची रात्र तर उन्हाळ्यातही शीतल म्हणून नावाजलेली; त्यामुळे इंदुरातील आपली कुटुंबे वैशाखात खुशाल गच्चीवर निजत. आता बहुतेक वाडे गेले, सदनिका आल्या, खोल्या लहान झाल्या आणि जमिनीवर बसून उठणे पुष्कळांना जमेनासे झाले. या अडचणींवरचा तोडगा म्हणून घडीची लोखंडी खाट घरोघर आली. दिवसभर ती दाराआड उभी राहते आणि रात्री दोन मिनिटांत उघडते.

आपल्या न्यासाच्या साहित्यभांडारातही अशा खाटा आहेत. लग्नमुंजीसाठी, औषधोपचाराकरिता बाहेरगावाहून आलेल्या नातलगांसाठी सभासद त्या नेतात. त्या वेळी हमखास विचारले जाते की, ‘अशी एक घरी घ्यावयाची आहे, कोणती घ्यावी?’ या प्रश्नाचे सविस्तर उत्तर महोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने देत आहोत.

घडीचा पलंग ही कल्पना नवी नव्हे. इजिप्तचा राजा तुतनखामेन याचे थडगे 1922 साली सापडले, तेव्हा त्यातील सामानात तीन घड्यांचा लाकडी पलंग निघाला. त्याच्या बिजागऱ्या काशाच्या होत्या आणि त्याचे वय तीन हजार वर्षांहून अधिक. नेपोलियन मोहिमांवर घडीची लोखंडी खाट बरोबर नेत असे. 5 मे 1821 रोजी सेंट हेलेना बेटावर त्याने प्राण सोडला तोही तसल्याच खाटेवर. पण लोखंडी खाट रुग्णाला का हितकर, हे सांगितले फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी. रुग्णशुश्रूषेवरील त्यांचे पुस्तक 1859 साली लिहिले गेले. खालून गादीपर्यंत हवा पोहोचते म्हणून त्यांनी लोखंडी खाट पसंत केली. शिवाय त्यांनी बजावले की, खाट फार उंच असू नये. कारण चढण्या-उतरण्याचे श्रम वाचले तरच अशक्त रुग्ण उठून चार पावले चालेल. रुग्ण उठेल की पडून राहील, हे पुष्कळदा खाटेच्या उंचीवर ठरते. ही गोष्ट आजही तितकीच खरी आहे.

आपल्याकडे मात्र खाट घेतली जाते ती जागा पाहून. दाराआड मावेल का, पलंगाखाली सरकेल का, एवढेच पाहिले जाते. आमच्या मते, ती झोपणारा पाहून घ्यावी. कारण घडीची खाट पाहुण्यासाठी म्हणून आणली जाते आणि हळूहळू ती आजीच्या किंवा आजोबांच्या वाट्याला येते. नातवाला अभ्यासाला खोली हवी असते, सुनेला स्वयंपाकघरापर्यंत वाट हवी असते, आणि ‘मला काय, चार दिवस कुठेही चालेल’ असे आजी स्वतःच म्हणते. चार दिवसांची चार वर्षे होतात. चार रात्रींसाठी केलेली वस्तू चार वर्षे पुरवली, तर त्याचे मोल कंबर, गुडघे आणि कधी मांडीचे हाड देऊन चुकवावे लागते. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी घरातच ठरवावे की, खाट कोणासाठी आणि किती दिवसांसाठी.

उंची

उंचीची परीक्षा सोपी आहे. ज्याने निजावयाचे त्यालाच खाटेच्या कडेवर बसवावे आणि वर गादी आहे असे धरून पाहावे. दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे साधारण काटकोनात आले पाहिजेत. प्रौढ माणसास गादीसह 16 ते 18 इंच उंची बहुधा सोयीची पडते. ठेंगण्या व्यक्तीस थोडी कमी. बाजारातील पुष्कळशा घडीच्या खाटा याहून बुटक्या असतात. तरुण पाहुण्याला त्याचे काही वाटत नाही. परंतु गुडघे दुखणाऱ्या वृद्धेला बुटक्या खाटेवरून रात्री उठताना दोनतीन झोके घ्यावे लागतात आणि त्याच झोक्यात तोल जातो. उंची कमी पडली म्हणून पायांखाली विटा लावण्याची रीत आहे. घडीच्या खाटेला ती कधीही करू नये. खाट जरा सरकली की पाय विटेवरून उतरतो.

सांगाडा

यानंतर सांगाडा पाहावा. पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात आणि येथे पुष्कळांची फसगत होते. कारण गेजचा आकडा वाढतो तशी जाडी घटते. 16 गेज म्हणजे सुमारे 1.6 मिलिमीटर, 18 गेज म्हणजे 1.2, आणि 20 गेज म्हणजे जेमतेम 0.9. जाडीइतकाच, किंबहुना अधिक, महत्त्वाचा असतो पाइपाचा व्यास. त्याच जाडीच्या पत्र्याचा पाइप व्यासाने दुप्पट केला, तर वाकण्याला त्याचा विरोध सुमारे आठपट होतो. म्हणून बारीक आणि जड पाइपापेक्षा रुंद पाइप पत्करावा.

तथापि खाट बहुधा पाइपात मोडत नाही, ती सांध्यात मोडते. बिजागरीची पट्टी जाड असावी, रिव्हेट घट्ट असावेत आणि वेल्डिंगची रेघ सलग असावी. नुसते ठिपके देऊन जोडलेला सांधा लवकर उकलतो. पाय उघडल्यावर ते तसेच राहावेत म्हणून कडी किंवा खटका हवाच. खाट उघडून कडेच्या पाइपावर मध्यभागी बसावे आणि अंग डावीउजवीकडे हलवावे. निजलेल्या माणसाचे वजन सर्वत्र वाटले जाते, बसलेल्याचे मात्र एकाच बाजूवर येते. म्हणून निजून नव्हे, बसून परीक्षा करावी. खाट करकरली तर एक वेळ चालेल, कारण तेलाने ते थांबते. खाट डुलली तर ती घेऊ नये.

नवार की फळी?

नवारीची खाट हलकी असते, तिला हवा खेळते, उन्हाळ्यात ती सुखाची. पण नवार सैल पडली की मध्ये झोळी होते आणि सकाळी कंबर धरते. सुती नवार सैल होते, पण ती काढून धुता येते आणि पुन्हा ताणून विणता येते. प्लास्टिकची नवार पाण्याला टिकते, पण उन्हाने ठिसूळ होऊन एके दिवशी अचानक तुटते. गच्चीवर राहणाऱ्या खाटेची नवार म्हणून दर उन्हाळ्यात बोटाने दुमडून पाहावी. भेगा दिसल्या की बदलावी. फळीची खाट जड असते, परंतु पाठीला आधार देते. वृद्धांना आणि कंबरदुखीच्या माणसाला तीच बरी. वर चार इंचांची कापसाची गादी पुरे होते. फळीला भोके किंवा फटी असाव्यात, म्हणजे घामाचा ओलावा गादीखाली कोंडत नाही.

एक गोष्ट स्पष्टच सांगावयास हवी. जो रुग्ण स्वतः कूस बदलू शकत नाही, त्याच्यासाठी घडीची खाट नव्हे. मध्यावरच्या घडीची आडवी दांडी नेमकी माकडहाडाजवळ येते आणि तेथेच शय्याव्रण होण्याचा धोका अधिक. अशा रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. त्याला डोके उंच करता येणारी, न मिटणारी रुग्णखाटच हवी. ती थोड्या दिवसांसाठी भाड्याने मिळते. पैशाची अडचण असल्यास संकोच न करता न्यासाकडे यावे. न्यास त्यासाठीच आहे.

उघडताना आणि मिटताना

घरातील बोटे चेंगरतात ती बहुतेक मिटताना. खाट मिटणाऱ्याने हात सदैव पाइपाच्या मध्यावर ठेवावेत, सांध्याजवळ कधीही नाही, आणि मुलांना खोलीबाहेर काढून मगच काम करावे. उघडल्यावर चारही बाजूंच्या कड्या बसल्या का ते पाहावे आणि तळहाताने दाबून खात्री करावी. खाटेच्या अगदी टोकाला, पायांच्या पलीकडे, कोणी बसू नये. दुसरे टोक उचलले जाऊन खाट उलटते. लग्नघरात एका खाटेवर पाच-सहा जण गप्पांना बसतात, ते तर टाळावेच. मिटलेली खाट भिंतीला नुसती टेकवून ठेवू नये. तिला भिंतीतील आकड्याला दोरीने बांधावे. लहान मूल ती ओढते आणि ती अंगावर येते.

लोखंडातून वीज वाहते याचाही विसर पडू नये. आपल्याकडे उन्हाळ्यात खिडकीत पत्र्याचा कूलर लागतो आणि त्याच्या वाऱ्यासाठी खाट अगदी चिकटवली जाते. कूलरच्या पत्र्यात वीज उतरली तर ती खाटेत येते. खाट कूलरला टेकू देऊ नये, वायर पायाखाली दबू देऊ नये, आणि कूलरला अर्थिंग आहे याची खात्री वायरमनकडून करून घ्यावी.

निगा

लोखंडी खाटेत ढेकूण होत नाहीत, हा समज अर्धाच खरा आहे. लोखंडाला लाकडासारख्या चिरा नसतात एवढेच. नवारीच्या घड्या, स्क्रूची भोके आणि पाइपाची उघडी तोंडे त्यांना पुरेशी होतात, आणि उपाशीपोटी ते काही महिने सहज काढतात. सुती नवार काढून कढत पाण्यात भिजवावी, सांध्यांवर उकळते पाणी ओतावे, खाट उन्हात पूर्ण कोरडी करावी आणि मग बिजागऱ्यांना शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब द्यावा.

पायांची रबरी बुचे झिजली की लगेच बदलावीत. त्यांनी केवळ फरशी वाचते असे नाही. बूच नसलेल्या पाइपात फरशी पुसताना पाणी शिरते आणि तो आतून गंजतो. आतला गंज दिसत नाही, म्हणून तोच अधिक घातक. वर गंजाचा डाग दिसला तर काचकागदाने घासून, रेड ऑक्साइडचा हात देऊन, त्यावर तैलरंग लावावा. पावसाळ्यापूर्वी हे एकदा केले तर खाट वर्षानुवर्षे टिकते. बेळगाव-गोव्याकडच्या आपल्या आप्तांना, तिकडील दमट हवेमुळे, हे अधिक काळजीने करावे लागते.

शेवटी न्यासाच्या खाटांविषयी विनंती. खाट नेताना ती भांडारातच एकदा उघडून, वर बसून पाहावी. परत करताना पुसून, कोरडी करून द्यावी. कडी सैल झाली असेल, बूच हरवले असेल, तर ते आवर्जून सांगावे. त्याबद्दल कोणी बोल लावणार नाही. न सांगितलेली सैल कडी मात्र पुढच्या घरी, कदाचित एखाद्या आजारी माणसाखाली, निसटेल.

आणि आपल्या घरी बोळात किंवा दिवाणखान्याच्या कोपऱ्यात अशी खाट कायमची मांडलेली असेल, तर आज रात्री तिच्यावर आपण स्वतः निजून पाहावे. पहाटे पाठ काय म्हणते ते ऐकावे आणि मग आईला किंवा वडिलांना कोणती खाट द्यावयाची ते ठरवावे.