चपट्या नाकाचा सोबती

शहरांतील रस्त्यानें सकाळीं फिरावयास निघालें असतां एखादें बुटकें, गुबगुबीत कुत्रें मालकाच्या मागोमाग घुरघुरत चाललेलें दृष्टीस पडतें. तोंड काळें, नाक चपटें, कपाळावर आठ्या आणि शेपटीचें वेटोळें पाठीवर घट्ट बसलेलें. ह्या जातीस पग म्हणतात. २००३ सालीं हच ह्या टेलिफोन कंपनीच्या जाहिरातींत एका लहान मुलाच्या मागें मागें सर्वत्र जाणारा कुत्रा ह्याच जातीचा होता. त्यानंतर आपल्याकडील घरांतून पग फार आवडता झाला. श्रोतेहो, ह्या प्राण्याचें कुळ, रूप व स्वभाव ह्यांचा आज थोडा परिचय करून घेऊं, आणि त्याची ती घुरघुर आपणांस काय सांगते तेंहि पाहूं.

पगाचें मूळ चीन देशांत. तेथील राजवाड्यांत आखूड तोंडाचीं लहान कुत्रीं शेंकडों वर्षें लाडाकोडांत वाढत असत. शिकार अगर राखण हें त्यांचें काम नव्हे. माणसाजवळ बसावें व त्याचें मन रमवावें, एवढेंच. डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतून तीं युरोपांत पोंचलीं असें मानतात. हॉलंडांत अशी कथा आहे कीं, १५७२ सालीं स्पेनशीं चाललेल्या युद्धांत रात्रीं शत्रूचा छापा आला, तेव्हां ऑरेंजच्या विल्यमला त्याच्या लहानशा कुत्र्यानें जागें करून वांचविलें. तो कुत्रा पगच होता किंवा काय ह्याविषयीं वाद आहे. परंतु त्या घराण्याशीं पगाचें नांव जोडलें गेलें तें कायमचें. त्याच घराण्यांतील तिसरा विल्यम १६८९ सालीं इंग्लंडच्या गादीवर बसला, आणि तिकडेहि पगास मान मिळाला. पुढें व्हिक्टोरिया राणीनेंहि पग पाळले होते.

पगाचें वजन साधारण सहा ते आठ किलो असतें. अंग आटोपशीर व भरींव; केंस आखूड, रंग बहुधा बदामी किंवा काळा. स्वभावानें हा आनंदी, मायाळू आणि थोडासा हट्टी. मुलांशीं त्याचें चांगलें जमतें. तो उगाच भुंकत नाहीं. मात्र घरांत एकटा राहिला कीं खिन्न होतो. खाण्याची हांव मोठी, म्हणून त्याचें वजन लवकर वाढतें.

आतां त्याच्या तोंडाविषयीं. विल्यम होगार्थ ह्या इंग्रज चित्रकारानें १७४५ सालीं स्वतःचें चित्र काढलें, त्यांत आपला लाडका पग ट्रम्प ह्यासहि पुढें बसविलें आहे. हें चित्र लंडनच्या टेट संग्रहालयाच्या मालकीचें आहे. त्यांतील कुत्र्यास चांगलें पुढें आलेलें नाक पाहून आजच्या माणसास नवल वाटतें. तेव्हां आजचें सपाट मुख निसर्गाची देणगी नव्हे. जितकें चपटें तितकें सुंदर, असें मानून माणसानें पिढ्यानुपिढ्या निवड केली, तिचें हें फळ होय.

ह्यांत बिघडलें काय? तोंडाचें हाड आखूड झालें, पण आंतील मांसल भाग त्या मानानें आखूड झाला नाहीं. टाळूचा मऊ पडदा लांब राहून श्वासाच्या वाटेंत येतो; नाकपुड्याहि अरुंद होतात. आपणांस गंमतीची वाटणारी ती घुरघुर म्हणजे पुष्कळदां श्वासासाठीं चाललेली धडपड असते. त्यांतून कुत्र्यास आपल्यासारखा अंगभर घाम येत नाहीं. तो धापा टाकून शरीर थंड करतो. ज्याला नीट धापाहि टाकतां येत नाहींत, त्यानें आपल्या वैशाखाच्या उन्हांत काय करावें? डोळेहि उथळ खोबणींत असल्यामुळें त्यांस सहज इजा होते.

ज्या हॉलंडच्या जहाजांनीं हा कुत्रा युरोपांत आणला, त्याच देशानें २०१९ सालीं नियम कडक केले: ज्याचें तोंड कवटीच्या एक-तृतीयांशाहून आखूड, त्याची पैदास करावयाची नाहीं.

ज्यांच्या घरीं पग आहे, त्यांनीं त्यास उन्हांत फिरवूं नये; पहांटे किंवा सूर्यास्तानंतर न्यावें. पट्टा गळ्यास न बांधतां छातीस बांधावा. तोंडावरील वळ्या पुसून कोरड्या ठेवाव्या, आणि खाणें मापून द्यावें. झोपेंत गुदमरल्यासारखा आवाज होत असेल, तर तो त्याचा स्वभाव आहे असें समजून स्वस्थ न बसतां पशुवैद्यास दाखवावें. ज्यांस नवें पिल्लूं आणावयाचें आहे, त्यांनीं प्रथम त्याच्या आईबापांस थोडें चालवून पाहावें, आणि त्यांचा श्वास कानांनीं ऐकावा. तो बिनआवाजाचा असेल, नाक थोडें लांब असेल, तर दिसण्यांत कांहीं उणें आहे असें मानूं नये. पगाच्या अंगीं जें खरें प्रेमळपण आहे, तें त्याच्या नाकाच्या लांबीवर मुळींच अवलंबून नाहीं.