सौर पॅनेल असूनही इमारतीत अंधार का?

चेन्नईच्या पश्चिम भागातील अण्णा नगर ही तामिळनाडू गृहनिर्माण मंडळाने वसवलेली आखीव वसाहत आहे. १९६८ च्या जागतिक व्यापार मेळ्यासाठी येथे उभारलेला उंच मनोरा तिची ओळख बनला. पूर्वीच्या बैठ्या घरांच्या जागी बहुमजली इमारती आल्या आणि काहींच्या गच्चीवर सौर पॅनेलही दिसू लागले. मात्र बाहेरचा वीजपुरवठा खंडित होताच पॅनेल असलेली इमारतही बहुधा अंधारात जाते.

हा बिघाड नसून सुरक्षेची तरतूद आहे. गच्चीवरील वीज बंद वाहिनीत शिरली, तर दुरुस्ती करणाऱ्या कामगाराच्या जिवाला धोका पोहोचू शकतो. म्हणून ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर पुरवठा जाताच स्वतः बंद पडतो. इमारतीला बाहेरच्या वाहिनीपासून आपोआप वेगळे करणारा स्विच, स्वतंत्रपणे चालू शकणारा इन्व्हर्टर आणि बॅटरी यांची जोड मिळाली, तरच त्या व्यवस्थेला मायक्रोग्रिड म्हणता येते.

चेन्नईत याची खरी गरज ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात भासते. महाराष्ट्रातून पाऊस परततो, तेव्हा तेथे ईशान्य मोसमी पावसाला आरंभ होतो. डिसेंबर २०१५ चा महापूर, डिसेंबर २०१६ चे वरदा चक्रीवादळ आणि डिसेंबर २०२३ चे मिचौंग चक्रीवादळ, या तिन्ही वेळी शहराच्या अनेक भागांत वीज दीर्घकाळ बंद होती. पंप थांबला की जमिनीखालच्या टाकीतील पाणी गच्चीवर चढत नाही. वरच्या मजल्यावरील वृद्धांना दिव्यापेक्षा हीच अडचण अधिक जाणवते.

बारा सदनिकांची एक इमारत उदाहरणादाखल घेऊ. दोन अश्वशक्तीचा पंप तीन तास चालल्यास सुमारे ४.५ युनिट, लिफ्टला ४, जिना व आवारातील दिव्यांना ३.५ आणि प्रत्येक घरी पंखे, दिवे व मोबाइल यांसाठी १ युनिट धरल्यास रोजची गरज २४ युनिटची होते. वातानुकूलन यात धरलेले नाही. प्रत्येक घरी रात्रभर एक यंत्र चालवायचे, तर त्यासाठीच शंभराच्या आसपास युनिट लागतील आणि सारा हिशेब कोलमडेल.

चेन्नईत एक किलोवॉट पॅनेलपासून वर्षभराच्या सरासरीने दररोज सुमारे ४ युनिट वीज मिळते. त्यानुसार ६ किलोवॉट पुरेसे वाटतात. परंतु ढगाळ दिवस आणि बॅटरीतील घट लक्षात घेता १० किलोवॉट योग्य ठरतात. त्यासाठी साधारण हजार चौरस फूट सावलीविरहित गच्ची हवी. झाडांनी वेढलेल्या अण्णा नगरात ही अट वाटते तितकी सोपी नाही. २४ युनिट प्रत्यक्ष वापरता यावेत, यासाठी सुमारे ३० युनिटची लिथियम बॅटरी लागते.

क्षमतेइतकेच महत्त्व संचालनाला आहे. वादळी दिवसात उत्पादन चौथाईवर, म्हणजे १० युनिटवर आले असे समजू. वापर नेहमीसारखाच राहिल्यास रोज १४ युनिटची तूट पडून बॅटरी दुसऱ्याच दिवशी संपते. मात्र पहिल्या तासापासून लिफ्ट बंद ठेवली आणि घरगुती वापर निम्मा केला, तर तूट केवळ ४ युनिटची राहते व तीच बॅटरी सहा दिवस पुरू शकते. असा निर्णय अंधारात, भांडणाच्या वातावरणात घेता येत नाही. कोणता भार आधी तोडायचा, हे रहिवाशांच्या सभेत आधीच ठरवून नियंत्रकात नोंदवलेले असावे.

थेट सुरू होणारी मोटार क्षणभर पाच-सहा पट विद्युतप्रवाह ओढते. तो ताण न पेलल्यास बॅटरी भरलेली असूनही इन्व्हर्टर बंद पडतो. त्यामुळे पंपाला वेग हळूहळू वाढवणारे साधन जोडणे हितावह असते. बॅटरी व मुख्य फलक तळमजल्यावरील वाहनतळात बसवण्याचा मोह टाळलेला बरा, कारण पुराचे पाणी प्रथम तेथेच शिरते.

खर्चाची बाजू मात्र कठीण आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत गृहसंकुलांच्या सामायिक सोयींसाठी प्रति किलोवॉट १८ हजार रुपयांचे अनुदान ठरवण्यात आले. ते पॅनेलच्या क्षमतेवर मोजले जाते, बॅटरीच्या नव्हे. पॅनेलचा खर्च वीजबिलातील बचतीतून वसूल होऊ शकतो. वर्षातून मोजक्याच दिवशी पूर्ण उपयोगात येणाऱ्या बॅटरीचा भार बारा कुटुंबांना आपसांत वाटून घ्यावा लागतो.