घनवादी चित्रे पडद्यावर पाहताना

घनवाद म्हणजे काय? एकच वस्तू अनेक कोनांतून, भौमितिक तुकड्यांत एकाच चित्रात मांडणारी शैली. पाब्लो पिकासो आणि जॉर्ज ब्राक यांनी ती पॅरिसमध्ये 1907 नंतर घडवली.

दोन टप्पे
• विश्लेषणात्मक (1912 पर्यंत) : आकार फोडलेले, रंग करडे-तपकिरी.
• संश्लेषणात्मक (1912 पासून) : कोलाज, चिकटवलेले कागद, ठळक रंग.

भारतात
• गगनेंद्रनाथ टागोर (1867–1938) : 1920च्या दशकात घनवादी धाटणीची जलरंगचित्रे.
• म. फि. हुसेन : जन्म सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूरचा, 1915. 1947 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे सदस्य. त्यांच्या चित्रांवर घनवादाचा प्रभाव.

डिजिटल साधने
• गूगल आर्ट्स अँड कल्चर : 2011 पासून. चित्र मोठे करून बारकावे पाहता येतात.
• पिकासोचे ‘गेर्निका’ (1937, सुमारे 3.5 × 7.8 मीटर) : माद्रिदच्या रेना सोफिया संग्रहालयाच्या संकेतस्थळावर साधा प्रकाश, अतिनील, अवरक्त आणि क्ष-किरण अशा चारही प्रतिमा.
• ‘जतन’ : पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांसाठी विकसित केलेली संगणकप्रणाली. संस्कृती मंत्रालयाचे ‘म्युझियम्स ऑफ इंडिया’ पोर्टल तिच्यावर आधारित.

फरक लक्षात ठेवा : झूम केल्यावर पृष्ठभाग दिसतो, क्ष-किरण आणि अवरक्त प्रतिमांत रंगाखालचे थर व बदल दिसतात.

प्रत्यक्ष पाहण्यासाठी : बारामती-इंदापूरकरांना राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, मुंबई. कावसजी जहांगीर सभागृहाच्या इमारतीत 1996 पासून. जाण्यापूर्वी चालू प्रदर्शनाची माहिती घ्यावी.